एक्सबॉक्समध्ये १२८ एमबी: चारशे पायांचं काम आणि खारी हवा

पहिला एक्सबॉक्स, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचं मायक्रोसॉफ्टचं यंत्र, नोव्हेंबर २००१ मध्ये अमेरिकेत विकायला आला. भारतात अधिकृतपणे आला तो त्याचा धाकटा भाऊ, एक्सबॉक्स ३६०, तोही २००६ साली. तरी रत्नागिरी, चिपळूण, श्रीवर्धन, म्हसळा या पट्ट्यात माळ्यावर तो काळा, जड डबा अधूनमधून सापडतो. दुबई, कुवेत, मस्कतहून सुट्टीवर येणाऱ्यांच्या सामानातून तो आलेला असतो. अशा डब्याची रॅम ६४ एमबीवरून १२८ एमबी करता येते, आणि त्यासाठी बोर्डावर एकही जादा तार ओढावी लागत नाही. जागा कारखान्यानेच ठेवलेली आहे.

एक्सबॉक्समध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप यांना वेगळी मेमरी नाही. ७३३ मेगाहर्ट्झचा पेंटियम जातीचा प्रोसेसर आणि एनव्हिडियाची एनव्ही२ए, दोघं एकाच ६४ एमबीच्या ताटात जेवतात. ही ६४ एमबी म्हणजे प्रत्येकी १६ एमबीच्या चार चिपा. चिप ३२ बिटांची, चार मिळून १२८ बिटांचा रस्ता. खेळ बनवणाऱ्यांना दिलेल्या यंत्रांत मात्र १२८ एमबी होती, आणि बोर्डाचा आराखडा एकच असल्याने विक्रीच्या यंत्रात चार जागा रिकाम्या राहिल्या. दोन वरच्या बाजूला, दोन खालच्या. नव्या चार चिपा जुन्यांच्याच डेटा रेषांवर, म्हणजे माहिती नेणाऱ्या तांब्याच्या रेषांवर, बसतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे बिघाड शोधताना हीच उपयोगी पडते.

आधी एक भ्रम दूर करतो. रॅम दुप्पट केली म्हणून दुकानातून घेतलेले जुने खेळ पळायला लागत नाहीत. ते ६४ एमबी गृहीत धरूनच लिहिलेले आहेत, उरलेल्या ६४ कडे ढुंकूनही पाहत नाहीत. फायदा होतो तो हौशी लोकांनी लिहिलेल्या प्रोग्रॅमना, मोठ्या रॉम (खेळांच्या फाइली) लागणाऱ्या एम्युलेटरना (दुसऱ्या यंत्रांची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमना), मीडिया प्लेयरला, लिनक्सला आणि काही खेळांचं चित्र ७२० रेषांचं करणाऱ्या पॅचना. यातलं काहीच वापरायचं नसेल तर डबा बंदच ठेवा. चांगल्या चालत्या बोर्डावर सोल्डरचे चारशे नवे टाके मारणं ही जोखीमच आहे.

बोर्ड कुठल्या आवृत्तीचा आहे ते पाहिल्याशिवाय चिपा मागवू नका. १.० पासून १.५ पर्यंत रिकाम्या जागा आहेत. १.६ मध्ये त्या काढून टाकल्या, तिथे हे काम होत नाही. ओळखायची सोपी खूण म्हणजे व्हिडिओ एन्कोडरची (टीव्हीला चित्र पाठवणारी) चिप: कोनेक्झंट असेल तर १.० ते १.३, फोकस असेल तर १.४ किंवा १.५, एक्सकॅलिबर असेल तर १.६. ग्राफिक्स चिपवर छोटा पंखा दिसला तर १.०, पुढच्यांवर नुसता हीटसिंक. पण खरा पुरावा म्हणजे उघडून डोळ्यांनी पाहिलेले मोकळे पॅड, म्हणजे चिपचे पाय जिथे टेकतात ते बोर्डावरचे ठिपके.

उघडण्यासाठी टॉर्क्स (ताऱ्याच्या टोकाचे) स्क्रूड्रायव्हर टी२० आणि टी१० लागतात. तळाशी सहा टी२० स्क्रू, चार रबरी पायांखाली आणि दोन स्टिकरखाली. आतले डीव्हीडी ड्राइव्ह, हार्डडिस्क आणि बोर्डाचे टी१०. आत पॉवर सप्लायचा बोर्ड उघडाच असतो, त्याला पेटी नाही. प्लग काढल्यावरही त्याच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये विद्युतभार शिल्लक राहतो, म्हणून प्लग काढून दहा मिनिटं थांबा आणि त्या बोर्डाच्या खालच्या बाजूला बोट लावू नका. मागच्या लेबलवर व्होल्टेज वाचा. हा सप्लाय दोन्ही व्होल्टेजवर चालणारा नाही: २२०-२४० लिहिलं असेल तर ठीक, अमेरिकेतून आलेला १०० ते १२० व्होल्टचा असेल तर आपल्या सॉकेटमध्ये घातल्या क्षणी संपला. शिवाय २००५ च्या फेब्रुवारीत मायक्रोसॉफ्टने आगीच्या धोक्यापोटी १ कोटी ४१ लाख यंत्रांच्या वायरी बदलून देण्याचं जाहीर केलं होतं. माळ्यावरच्या डब्याची वायर बहुधा बदललेली नसते. सप्लायच्या बोर्डावर, जिथे ही वायर घुसते तिथले टाके तडकलेले आहेत का ते भिंगाने पाहा, आणि असतील तर रॅमच्या आधी ते.

आता कोकणातली खरी अडचण. १.० ते १.५ च्या बोर्डावर घड्याळासाठी १ फॅरडचा एक सुपरकपॅसिटर (थोडी वीज साठवून ठेवणारा भाग) आहे. तो वयोमानाने फुटतो आणि आतलं द्रव बोर्डावर पसरतं. हे जगभर होतं. पण मालवण किंवा गुहागरच्या किनाऱ्यालगतच्या घरात त्यावर खाऱ्या हवेचा थर बसतो, आणि लांज्यासारख्या आतल्या गावात जो बोर्ड नुसता पिवळट दिसला असता तो इथे हिरवा होतो. पुढच्या पॅनेलकडे जाणाऱ्या बारीक तांब्याच्या रेषा कुरतडल्या गेल्या की डबा रात्री आपोआप चालू होतो, नाहीतर बटण दाबूनही होत नाही. (कोकणात आपोआप चालू होणाऱ्या वस्तूचा दोष आधी भलत्यालाच दिला जातो. नारळ ठेवण्याआधी कपॅसिटर बघा.) रॅमचं काम असो वा नसो, हा कपॅसिटर काढूनच टाका. बदली बसवायची गरज नाही. प्लग काढला की तारीख पुसली जाईल, बाकी काही बिघडत नाही.

काढल्यावर ती जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने घासून धुवा, खालची बाजूही. हे अल्कोहोल ९९ टक्क्यांचं हवं. औषधाच्या दुकानातलं ७० टक्क्यांचं मिळतं त्यात उरलेलं पाणी असतं, आणि सॅनिटायझरमध्ये तर ग्लिसरीनही. हिरवा गंज फायबरच्या पेन्सिलीने खरवडा, रेषेचं तांबं चकचकीत दिसेपर्यंत, मग मल्टिमीटरने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलगता (वीज आरपार जाते का) तपासा. तुटलेली रेष बारीक एनॅमल तारेने जोडा. हे सगळं झाल्यावर यंत्र परत जोडून चालू करा, दोनचार दिवस वापरा. ज्या बोर्डाचा मूळ आजार माहीत नाही त्यावर नवीन रॅम चढवली, तर पुढे दोष कुणाचा ते कधीच कळणार नाही.

चिपांचं नाव सॅमसंगचं के४डी२६३२३८. त्यापुढच्या अक्षरांत ‘क्यू’ हवा. क्यू म्हणजे चारही बाजूंना पाय असलेली टीक्यूएफपी जात. ‘जी’ असेल तर ती खाली गोळ्या असलेली बीजीए, ती या पॅडवर बसणारच नाही, आणि घाईत ऑर्डर देणारे नेमके इथेच फसतात. शेवटचा आकडा वेगाचा: ५० म्हणजे ५ नॅनोसेकंद, म्हणजे २०० मेगाहर्ट्झ, यंत्राला लागतो तेवढाच. ४५ किंवा ४० आणखी वेगवान, तेही चालतात. ५५ किंवा ६० नकोत. चारही नव्या चिपा शक्यतो एकाच कंपनीच्या, एकाच छापाच्या घ्या. परदेशातून स्वस्तात येणाऱ्या चिपा बऱ्याचदा जुन्या बोर्डावरून उपटून, पाय सरळ करून, कधी नाव घासून पुन्हा छापलेल्या असतात. छाप अल्कोहोलच्या बोळ्याने पुसला गेला तर परत पाठवा. सगळ्यात भरवशाचा मार्ग म्हणजे मेलेला दुसरा एक्सबॉक्स. त्यावर हव्या त्या जातीच्या नेमक्या चार चिपा असतात.

दात्याच्या बोर्डावरून चिप उतरवायची तर हॉट एअर (गरम हवेचा झोत सोडणारं साधन) लागतो. इथे ओलावा पुन्हा आडवा येतो. वीस वर्षं दमट हवेत राहिलेल्या चिपच्या प्लास्टिकने पाणी शोषलेलं असतं. एकदम ३५० अंशांची हवा लागली की त्या पाण्याची वाफ होते आणि चिपचं अंग आतून तडकतं. बाहेरून कधी दिसतं, कधी नाही. कारखान्यांत अशा चिपा १२५ अंशांवर २४ तास भाजून कोरड्या करतात. घरच्या छोट्या ओव्हनमध्ये ११० ते १२० अंश ठेवा, वेगळं थर्मामीटर आत ठेवून खात्री करा आणि पूर्ण दिवस द्या. ज्या ओव्हनमध्ये नानकटाई होते त्यात हे करू नका. मग चिपभोवतीच्या भागावर कॅप्टॉन (उष्णता सोसणारी) टेप, पायांवर फ्लक्स (सोल्डर नीट पसरवणारं रसायन), आणि हवा गोल फिरवत ठेवा. चिमट्याने ओढू नका. सोल्डर वितळलं की चिप आपणहून तरंगते, तेव्हाच उचला. ओढाओढीत पाय वाकतात, आणि ०.६५ मिलिमीटर अंतरावरचा वाकलेला पाय पुन्हा ओळीत आणणं हे मोत्याच्या माळेतला एकच मणी बदलण्यासारखं काम आहे.

साधनांत फार श्रीमंती नको, पण तीन ठिकाणी कंजुषी चालत नाही. तापमान धरून ठेवणारं सोल्डरिंग स्टेशन हवं. रेडिओ दुरुस्तीची साधी २५ वॅटची सोल्डरिंगची इस्त्री इथे अपुरी पडते: जमिनीला (ग्राउंडला) जोडलेल्या पायांवर ती थंड होते आणि बाकीच्या पायांवर जास्त तापते. टोक चाकूच्या पात्यासारखं किंवा तिरकं कापलेलं घ्या, सुईसारखं नको. बारीक पायांना बारीक टोक हवं असं वाटतं, पण सुईच्या टोकात उष्णता साठतच नाही. दुसरं, फ्लक्स. इलेक्ट्रॉनिक्सचा जेल फ्लक्स, सिरिंजमधला. प्लंबरच्या डब्यातली आम्लाची पेस्ट लावली तर बोर्ड पहिल्याच पावसाळ्यात खलास. तिसरं, ६३/३७ ची (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) ०.५ मिलिमीटरची सोल्डरची तार. हा बोर्ड शिशावर बंदी येण्याआधीचा आहे, त्यावर मूळ सोल्डर शिसेवालंच आहे. बिनशिशाची तार मिसळली की वितळायला जास्त उष्णता लागते आणि टाका मळकट दिसतो. याशिवाय तांब्याची विक (सोल्डर शोषणारी वेणी), बारीक चिमटा, सोनाराचं दहापट भिंग, जुना टूथब्रश. हा सगळा माल मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा कोल्हापूरहून कुरियरने येतो. फ्लक्सची सिरिंज पावसाळ्यात मागवली तर ती फ्रिजच्या दारात ठेवा, आणि वापरण्याआधी बंद असतानाच तासभर बाहेर, नाहीतर तिच्यावर दव धरतं.

ऋतूचंही सांगून टाकतो: दिवाळी ते मे. जून ते सप्टेंबर हे काम काढूच नका. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा त्या चार महिन्यांत. धुतलेला बोर्ड वाळतच नाही. थंडीतल्या कोरड्या दिवसांत स्थिर विजेचा धोका थोडा वाढतो, म्हणून मनगटाचा पट्टा घाला. मे महिन्यात वेगळीच गंमत: जांभ्या दगडातलं अर्थिंग कोरडं पडतं आणि स्टेशनच्या टोकावर गळतीचा विद्युतदाब येऊ शकतो. अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओता, आणि मल्टिमीटरने टोक व अर्थ यांच्यात एसी व्होल्ट मोजा. आकडा शून्याच्या आसपास हवा.

आता प्रत्यक्ष टाके. सुरू करण्याआधी एक मोजमाप कागदावर लिहून ठेवा: रॅमच्या वीजपुरवठ्याची रेष आणि जमीन (ग्राउंड) यांच्यातला रोध. नंतर तुलनेला हाच आकडा लागेल.

रिकाम्या पॅडवर कारखान्याच्या सोल्डरचे उंचवटे असतात. फ्लक्स लावून विकने हलकेच सपाट करा. विक पॅडवर ठेवायची आणि उचलायची. घासत ओढली की पॅडच उपटून येतो, आणि उपटलेला पॅड ही या कामातली सगळ्यात महागडी चूक. मग अल्कोहोलने पुसून ताजा फ्लक्स. चिप ठेवताना पहिल्या पायाचा ठिपका बोर्डावरच्या खुणेशी जुळवा. शेजारच्या जुन्या चिपकडे पाहून अंदाज करू नका, बोर्डावर छापलेली खूण हाच पुरावा. लांब बाजूला तीस आणि आखूड बाजूला वीस पाय असल्याने चिप आडवी बसत नाही, पण उलटी आरामात बसते.

चारही बाजूंचे पाय पॅडच्या मध्यावर आले की एका कोपऱ्याला एक टाका. पुन्हा भिंगाने चारही बाजू पाहा. सरकली असेल तर आत्ताच तो टाका वितळवून सरकवा. मग समोरच्या तिरक्या कोपऱ्याला दुसरा. सोनार दागिना जोडतानाही आधी असाच एक टाका धरतो आणि लांबून बघतो. या ठिकाणी दिलेली दोन मिनिटं पुढचा अर्धा तास वाचवतात.

टोकाचं तापमान ३३० ते ३५० अंश. पायांच्या ओळीवर भरपूर फ्लक्स. टोकावर थेंबभर सोल्डर घेऊन ओळीच्या एका टोकापासून दुसऱ्याकडे सावकाश ओढत न्या, टोक पाय आणि पॅड यांच्या सांध्यावर टेकलेलं. फ्लक्स जिवंत असेल तर सोल्डर प्रत्येक पायाशी आपापला वाटा ठेवून पुढे सरकतं. दोन पाय जुळले तर घाबरू नका: फ्लक्स लावा, टोक स्वच्छ करा, पायाच्या दिशेने बाहेर ओढा. तरी नाही सुटलं तर विक. जमिनीच्या पायांवर टाका गोळ्यासारखा फुगलेला राहिला तर तिथे उष्णता कमी पडली. बोर्डाच्या आतलं तांबं ती पिऊन टाकतं. तेवढ्यांसाठी ३७० पर्यंत चढवा आणि दोन सेकंद जास्त थांबा. सगळ्यात फसवे पूल (दोन पाय जोडणारं सोल्डर) पायांच्या मागे, चिपच्या पोटाजवळ होतात. वरून दिसत नाहीत. बोर्ड तिरका धरून, मागून मोबाइलचा टॉर्च मारून पाहिलं की उजेडाची फट बंद झालेली जागा कळते.

तपासणी दोन प्रकारची. एक, बारीक सुईने प्रत्येक पायाला आडवा हलका धक्का द्या. न लागलेला पाय हलतो. दोन, मल्टिमीटरने शेजारच्या पायांतली सलगता. काही शेजारी पाय मुळातच जोडलेले असतात, म्हणून मीटरचा आवाज आला की लगेच खोडायला बसू नका. कारखान्याच्या चिपवर त्याच क्रमांकाच्या पायांत तोच आवाज येतो का ते आधी पाहा. पुरवठ्याचा रोध पुन्हा मोजा. नवी चिप चढल्यावर आकडा थोडा उतरला तर हरकत नाही, शून्याला टेकला तर वीज लावू नका.

चारही चिपा एका दमात चढवायचा मोह होतो. एकेक चढवा. प्रत्येक चिपनंतर फ्लक्स धुवा, वाळवा, आणि हीटसिंक, पंखा, एव्ही केबल लावून यंत्र चालू करा. मूळ बायॉस (यंत्र सुरू करणारा आतला प्रोग्रॅम) नव्या चिपा वापरतच नाही, त्यामुळे सगळं ठीक असेल तर यंत्र पूर्वीसारखंच सुरू व्हायला हवं. हार्डडिस्क न जोडल्याने एरर कोडचा पडदा आला तरी चालेल, तो दिसतो म्हणजे प्रोसेसर, ग्राफिक्स आणि जुनी रॅम शाबूत. पण तीनदा प्रयत्न करून बटणाभोवती लाल-हिरवा दिवा लुकलुकायला लागला तर आत्ताच चढवलेल्या चिपवर पूल आहे. सुरुवातीला म्हटलं ते हेच: डेटा रेषा सामायिक, म्हणून नवीन चिपवरचा एक पूल जुन्या चिपेलाही गप्प करतो. चार एकदम चढवल्या असत्या तर तो पूल चारशे पायांत शोधावा लागला असता, आता शंभरांत.

न लागलेला पाय मात्र या चाचणीत लपून राहतो, कारण नवीन चिप अजून कुणी वाचतच नाही. त्यासाठी १२८ एमबी ओळखणारा बायॉस हवा, उदाहरणार्थ सर्बिऑस, आणि रॅमची चाचणी. एक्सब्लास्ट ओएसमध्ये ती आहे. १.० आणि १.१ च्या बोर्डावरची फ्लॅश (बायॉस साठवणारी चिप) १ एमबीची आहे, १.२ ते १.५ ची २५६ केबी. आपल्या फ्लॅशमध्ये मावेल तीच फाइल घ्या. फ्लॅश लिहिताना लाईट गेली तर यंत्र विटेसारखं पडून राहतं. त्यामुळे हे काम इन्व्हर्टरवर करा, आणि ढग गडगडत असताना इन्व्हर्टरवरही नको. मॉडचिप (वेगळा बायॉस चालवायला हौशी लोक बसवतात ती चिप) असेल तर आधी तिच्यावरच चालवून पाहा, बोर्डावरची फ्लॅश शेवटी.

चाचणीत एकाच चिपच्या चुका आल्या तर बहुधा एखादा कोरडा टाका. त्या चिपच्या चारही बाजूंना फ्लक्स लावून टोक पुन्हा एकदा ओढा. थंड असताना पास आणि वीस मिनिटांनी नापास होत असेल तर तो अर्धवट लागलेला पाय, सुईची तपासणी पुन्हा करा. चारही चिपांत चुका असतील तर टाक्यांआधी चिपांच्या वेगाचा आकडा वाचा. चाचणी एकदा पास झाली म्हणून झाकण लावू नका, रात्रभर चालू द्या.

शेवटची धुलाई हा कोकणातला सगळ्यात महत्त्वाचा टप्पा, आणि सगळ्यात जास्त टाळला जाणारा. ‘नो क्लीन’ लिहिलेला फ्लक्सही इथे धुवायचा. राहिलेला थर दमट हवेत ओलावा धरतो, त्यात मीठ मिसळतं आणि ०.६५ मिलिमीटरच्या फटींतून विजेची गळती सुरू होते. जानेवारीत पास झालेलं यंत्र जुलैत लाल-हिरवं होतं ते यामुळे. अल्कोहोल ओतून ब्रशने घासा, मळलेलं अल्कोहोल टिपून घ्या, पुन्हा ताजं ओता, दोनदा. पायांवर पांढरी झाक राहिली तर अजून फ्लक्स आहे. वर अॅक्रिलिकचा संरक्षक थर मारायचा तर फक्त पायांवर, पातळ, आणि रात्रभराच्या चाचणीनंतरच. घाण बोर्डावर मारलेला थर मीठ आत कोंडतो, त्यापेक्षा न मारलेला बरा. नेलपॉलिश नको.

यंत्र भिंतीला चिकटवून किंवा खिडकीखाली ठेवू नका. पावसाळ्यात आठवड्यातून अर्धा तास तरी चालवा, त्याच्याच उष्णतेने ते आतून कोरडं राहतं. न वापरता ठेवायचं तर हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पिशव्यांसह. दाणे निळ्याचे गुलाबी झाले की ते पत्र्याच्या ताटलीत १२० अंशांच्या आसपास तापवून पुन्हा निळे करता येतात. भाकरीच्या तव्यावर मात्र नाही, निळ्या रंगात कोबाल्ट असतं.